आधी मोजणी, मग मागणी



आषाढी वारीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा गाव काय करते, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. परीट समाजाची मंडळी धुतलेल्या धोतरांच्या पायघड्या अंथरतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते आणि वारकऱ्यांच्या पंगती बसतात. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचे नाही, ही आपल्या भागाची रीतच आहे. पण एका पाहुण्याच्या बाबतीत ही रीत मोडलेली मी अनेकदा पाहिली आहे. तो पाहुणा म्हणजे हातात मोजमापाचे यंत्र घेऊन येणारा माणूस. "सरकारी माणूस दिसतोय. आज आकडे लिहून नेईल आणि उद्या बिल वाढवील," असे म्हणून त्याला ओसरीवर चहा पाजतात आणि यंत्राजवळ न नेताच वाटेला लावतात. आज मला लिहायचे आहे ते या पाहुण्याविषयी.

काटेवाडीच्या शिवारात माझ्या ओळखीचे एक कुटुंब आहे. त्यांचे नाव येथे देत नाही. चार एकर ऊस, सहा गाई आणि वस्तीवर एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन धंदे: पिठाची गिरणी, कडबाकुट्टीचे यंत्र आणि दूध संकलन केंद्र. संकलनाचे दूध गार करण्यासाठी एक हजार लिटरचा कूलरही आहे. घरचे कर्ते अण्णा, आणि हिशेबाची वही वहिनींकडे. गेल्या उन्हाळ्यात वहिनींचा निरोप आला, "भाऊसाहेब, एकदा येऊन जा. घरात वाद चाललाय."

वाद असा होता. गिरणी आणि कूलर यांचे विजेचे बिल महिन्यामागून महिना चढत होते. शहरातून एक विक्रेता आला आणि त्याने शेडवर दहा किलोवॅटची सौर पॅनेले बसवण्याची गळ घातली. "सरकार अनुदान देते, बिल शून्य होईल," असे त्याने सांगितले. अण्णांचे मन तयार झाले. पण पैसे उभे करायचे तर वहिनींचे दागिने तारण ठेवण्यावाचून मार्ग नव्हता. वहिनी म्हणाल्या, "दागिने देईन हो, माझी ना नाही. पण ही वीज जाते कुठे, हे मला आधी कळायला पाहिजे."

मंडळी, हा प्रश्न लाखाचा आहे.

त्या अनुदानाचे आधी सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण ते राहत्या घराच्या जोडणीसाठी आहे, गिरणीच्या किंवा दूध केंद्राच्या धंद्याच्या जोडणीसाठी नाही. विक्रेत्याने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही, पण अर्धेच सांगितले. विकणाऱ्याने अर्धे सांगितले तर उरलेले अर्धे विचारण्याचे काम घेणाऱ्याचे असते.

आता आपण विचाराल की कृषी खात्याच्या माणसाला गिरणी आणि कूलरमधले काय कळते? खरे आहे. मी बी. एस्सी. अॅग्री. माणूस. पण मोजल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हा धडा मी फार महाग शिकलो आहे, आणि दुर्दैवाने त्याचे पैसे दुसऱ्याने भरले.

१९९८ सालचा उन्हाळा होता. नोकरीत मी तसा नवाच. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार पाणी कमी देऊ लागली होती. मी बांधावर उभा राहिलो, पाण्याची धार पाहिली आणि ऐटीत सांगून टाकले, "साडेसातची बसवा." त्या भल्या माणसाने माझ्या शब्दावर सोसायटीचे कर्ज काढून मोटार घेतली. पाणी थोडेसेच वाढले. दुसऱ्या उन्हाळ्यात विजेचा दाब उतरला आणि ती मोटार जळाली. रिवाइंडिंगसाठी मोटार काढली तेव्हा मेकॅनिकने फूटव्हॉल्व्ह वर घेतला. त्याच्या जाळीत शेवाळ आणि पालापाचोळा गच्च बसला होता. अडीच इंची पाइप, त्याला चार एल्बो, आणि तोंडाशी ही अशी दाटी! घसा आवळलेल्या माणसाला मोठी भाकरी वाढावी तसा माझा सल्ला होता. जाळी साफ करून पाइप बदलला असता तर जुनीच मोटार पुरली असती. त्या शेतकऱ्याने मला कधी बोल लावला नाही. आजही भेटला की "रामराम साहेब" म्हणतो. पण तो रामराम मला अजून बोचतो.

म्हणून अण्णांना मी सांगितले, "मी काही बोलत नाही. मोजणारा माणूस आणतो."

सरकारी खर्चाने ऊर्जेची पाहणी करणारा एक तरुण अभियंता आमच्याबरोबर वस्तीवर आला. त्याच्याजवळ विकायला काही नव्हते. एक टाँगटेस्टर, उष्णता मोजण्याचे एक यंत्र, घड्याळ आणि वही, एवढेच सामान. आल्याबरोबर त्याने मागितले काय, तर मागच्या बारा महिन्यांची बिले. वहिनींनी ती तारखेवार लावलेली काढून दिली तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, माझे निम्मे काम तुम्हीच केले आहे."

पहिल्यांदा गिरणी पाहिली. दहा अश्वशक्तीची मोटार. पट्टा सैल होता आणि पुलीवर घसरत होता. हात जवळ नेला तर पुली चांगलीच तापलेली लागे. दगडाला टाकी लावून बरेच महिने झाले होते, त्यामुळे पीठ गरम पडत होते आणि दळायला वेळ लागत होता. पण मोठी गोष्ट वेगळीच निघाली. गिऱ्हाईक येते, दळण होते, पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत गिरणी रिकामी फिरत राहते. रिकामी फिरताना ती तासाला दीड युनिट खात होती. दिवसाकाठी असे दोन तास धरले तर तीन युनिटे, म्हणजे महिन्याला नव्वद युनिटे नुसत्या आवाजाची! उपाय काय? पट्टा ताणणे, दगडाला टाकी लावणे आणि दळणाच्या वेळा ठरवून देणे. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात. यात कर्ज काढण्यासारखे काही आहे का?

मग कूलर. दूध गाईच्या आचळातून निघते तेव्हा जवळजवळ शरीराइतके गरम असते. संकलनाला येईपर्यंत ते ३५ अंशांच्या आसपास धरा. ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणावे लागते, नाहीतर नासते. कूलर म्हणजे दुधातली उष्णता काढून बाहेर हवेत टाकणारे यंत्र. ती उष्णता मागच्या बाजूच्या जाळीदार कॉइलमधून बाहेर पडते. या शेडमध्ये त्या कॉइलशेजारीच कडबाकुट्टीचे यंत्र होते! कुट्टीचा भुसा कॉइलवर बोटभर जाड बसलेला. चोरीच्या भीतीने खिडकी बंद, त्यामुळे बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा कॉइलवरच येई. उन्हाळ्यात गोधडी पांघरून पळायला लावल्यासारखी त्या यंत्राची अवस्था झाली होती. वहिनींच्या वहीत नोंद होती की एका वेळचे चारशे लिटर दूध गार व्हायला पाच तास लागतात.

अभियंत्याने भुसा झाडायला लावला, खिडकी उघडून तिला लोखंडी जाळी मारायला सांगितली आणि कुट्टीचे यंत्र शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायला सांगितले. तेव्हा वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे कुट्टीचं यंत्र तिथून हलवा म्हणून मी चारदा सांगितलं होतं. बाईचं कोण ऐकतंय? आता साहेबांनी सांगितलं म्हणजे हलेल." अण्णा खाली मान घालून हसले. पण बंधूंनो, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जी व्यक्ती दिवसातून दोनदा त्या यंत्राजवळ उभी राहते तिला त्याचे दुखणे सगळ्यात आधी कळते. सरकारचा सल्लागार फार तर वर्षातून एकदा येईल. घरातला सल्लागार रोज हजर असतो आणि त्याचे आपण ऐकत नाही.

महिन्याने पुन्हा मोजले. तेच चारशे लिटर दूध साडेतीन तासांत गार होऊ लागले होते. कूलर तासाला सुमारे तीन युनिटे घेतो. दीड तास वाचला म्हणजे एका वेळची साडेचार युनिटे, दोन वेळची नऊ, आणि महिन्याची दोनशे सत्तर. त्यात गिरणीची नव्वद मिळवा. तीनशे साठ युनिटे झाली. आपल्या बिलावर धंद्याच्या जोडणीचा जो दर छापलेला असेल त्याने गुणून पाहा, म्हणजे रुपयांत आकडा मिळेल. याशिवाय अभियंत्याने असेही सांगितले की दूध वाढले तर विहिरीच्या पाण्यावर चालणारा पूर्व-शीतक बसवता येईल. पस्तीस अंशांचे दूध वाटेतच अठ्ठावीसवर आले तर एकतीस अंशांच्या कामापैकी सात अंशांचे काम पाणीच करते. म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडे जास्तच. पण "आज घेऊ नका, दूध वाढल्यावर घ्या" हेही त्यानेच सांगितले. विक्रेता असता तर तो असे म्हणाला असता का?

शेवटी विहिरीवर गेलो. तिथली मोजणी प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावी इतकी सोपी आहे. दोनशे लिटरचे पिंप पाइपाच्या तोंडाखाली ठेवा आणि ते भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. इथे पंचवीस सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला आठ लिटर. आता विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाणी पडते तिथपर्यंतची उभी उंची मीटरमध्ये घ्या. इथे वीस मीटर होती. आठ गुणिले वीस, भागिले शंभर, म्हणजे १.६. इतके किलोवॅट पाणी उचलायला खरोखर लागले, असा हा ढोबळ हिशेब. आणि मोटार घेत होती किती? साडेचार! म्हणजे रुपयातले पस्तीस-छत्तीस पैसे पाण्याला लागले, बाकीचे पंपाची झीज, पाइपातले घर्षण आणि मोटारीची उष्णता यांत गेले. चांगला पंप चांगल्या तऱ्हेने बसवला तर निम्म्याच्या आसपास काम मिळायला हरकत नाही.

पाइपाच्या बाबतीत एक गोष्ट पाठ करून ठेवा. पाणी तेवढेच ठेवून पाइपाचा व्यास थोडा वाढवला तरी घर्षण फार झपाट्याने उतरते. अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइप घातला तर घर्षणाचा तोटा निम्म्याहूनही कमी होतो. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरावेत. फूटव्हॉल्व्ह मोठ्या भोकांच्या जाळीचा, आयएसआय मार्कचा घ्यावा आणि वर्षातून एकदा तरी वर काढून साफ करावा. अण्णांनी एवढेच केले. मोटार तीच आणि पंपही तोच, पण आता पिंप वीस सेकंदांत भरते. पाच तासांचे भिजवणे चार तासांत उरकते.

इथे माझे वाचक मला अडवणार हे मला ठाऊक आहे. "साहेब, शेतीपंपाची वीज आता माफ आहे. मग मोजायचे कशाला?" मुद्दा रास्त आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ केले आहे. पण माफी विजेला आहे, मोटारीच्या रिवाइंडिंगला नाही. रात्रीच्या जागरणाला नाही. आणि डीपी जळाल्यावर आठ-आठ दिवस उभे पीक वाळते त्यालाही नाही. एका डीपीवरचे सगळे पंप ऑटोस्विच लावून ठेवलेले असतात. वीज आली की सगळे एकदम सुरू होतात, दाब कोसळतो आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची मोटार आधी जळते. ऑटोस्विच काढावा आणि मोटारीला योग्य कपॅसिटर लावावा. पाच अश्वशक्तीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावतात. हे एकट्याने करून भागत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून करायचे असते.

शिवाय पुष्कळांकडे आता सौर पंप येत आहेत. तिथे उन्हाने दिली तेवढीच शक्ती मिळते, वाढवून मागता येत नाही. पाइप अरुंद असेल तर पाणी कमीच पडणार. म्हणजे सौर पंप असो की तारेवरचा, मोजणी चुकत नाही.

आता हा फुकटचा सल्ला येतो कुठून ते सांगतो, कारण पुष्कळांना त्याची वाट ठाऊक नसते. केंद्र सरकारने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि त्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. पंख्यावर, फ्रीजवर, पंपावर जे तारे छापलेले आपण पाहता ते याच ब्युरोचे. जितके तारे जास्त तितके तेच काम कमी विजेत. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, पाहते. ही संस्था १९८५ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. उद्योगधंद्यांच्या ऊर्जा लेखापरीक्षणासाठी अर्थसाहाय्य देण्याचा कार्यक्रम महाऊर्जाने राबवलेला आहे. ऊर्जा लेखापरीक्षण हा शब्द मोठा आहे, पण अर्थ साधा. पैशाचा हिशेब तपासतात तसा विजेचा आणि जळणाचा हिशेब तपासणे.

आपल्या शेजारचेच उदाहरण सांगतो. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागात ब्युरोने शेतीपंपांचा पहिला पथदर्शी प्रकल्प घेतला. तिथे आधी पंपांची मोजणी झाली आणि नंतर २२०९ जुने पंप काढून त्या जागी तारांकित पंप बसवले गेले. कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या ओतकाम कारखान्यांत आणि पुण्याच्या फोर्जिंग कारखान्यांतही २०१० नंतरच्या काळात ब्युरोमार्फत, परदेशी निधीची मदत घेऊन, असेच काम झाले. भट्टीतली उष्णता वाया कुठे जाते हे दाखवून देणे, हेच त्यातले मुख्य. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही १९७६ साली सरकारने विद्यापीठांतील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना लहान कारखान्यांत पाठवून फुकट पाहणी करून देण्याची योजना सुरू केली होती. तेलाच्या महागाईने त्यांचेही डोळे उघडले होते.

अगदी अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, ब्युरोने लहान उद्योगांसाठी 'अदिती' या नावाने ओळखली जाणारी योजना सुरू केली. तिची तरतूद एक हजार कोटी रुपयांची असून मुदत २०२७-२८ पर्यंत आहे. पाहणीला मदत, आणि पाहणीनंतर कमी वीज खाणारे यंत्र घेण्यासाठी कर्ज काढले तर व्याजात सवलत, असे तिचे दोन भाग आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात पाच टक्के, मध्यम उद्योगांना तीन टक्के. मात्र ऊर्जेची निदान दहा टक्के बचत दिसली पाहिजे. चौदा प्रकारचे उद्योग त्यात घेतले असून अन्नप्रक्रिया हा त्यांपैकी एक आहे. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी हवी, आणि योजना टप्प्याटप्प्याने निवडक ठिकाणी राबवायची आहे. म्हणून आपला धंदा आणि आपला भाग त्यात बसतो का, हे जिल्हा उद्योग केंद्रात किंवा महाऊर्जाच्या कार्यालयात आधी विचारावे. दूध, गूळ, बेदाणा, फळप्रक्रिया असे धंदे करणाऱ्यांनी ही चौकशी अवश्य करावी.

गुळाचे नाव निघाले म्हणून सांगतो. दौंड, इंदापूर, बारामती या पट्ट्यात गुऱ्हाळे पुष्कळ. तिथे विजेपेक्षा जळण मोठे. घाण्यातून नुकतेच निघालेले चिपाड निम्म्याच्या आसपास ओले असते. ते तसेच चुलवाणात घातले तर आगीची पहिली ताकद त्यातले पाणी आटवण्यातच जाते. चिपाड उन्हात चांगले वाळवले, चुलवाणाच्या भेगा लिंपल्या आणि जाळाला हवा बेताची मिळेल अशी झडप ठेवली, तर चिपाडावर काहील निघते आणि वर लाकूड किंवा टायरसारखे घाणेरडे जळण घालावे लागत नाही. टायरचा धूर गुळाला आणि गावाच्या छातीला दोन्हीला वाईट. कोल्हापूरला प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथे याची माहिती मिळते. आणि शेतीच्या बाजूचे काही विचारायचे असेल तर आपले बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे.

सल्ला कसा घ्यावा याविषयी चार शब्द लिहून थांबतो.

१) बारा महिन्यांची बिले एका दोऱ्यात ओवून ठेवावीत. प्रत्येक यंत्राची अश्वशक्ती आणि ते रोज किती तास चालते हे एका कागदावर लिहावे.

२) मीटरचे वाचन रोज एका ठरावीक वेळी वहीत टिपावे. एकच यंत्र एक तास चालवून आधीचा आणि नंतरचा आकडा वजा केला की त्या यंत्राची भूक कळते. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हे काम द्यावे. त्यांचे गणित सुधारते आणि घराचेही.

३) विकणारा आणि मोजणारा एकच माणूस नसावा. पाहणीला येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, आणि तो एखाद्याच दुकानाचे नाव घेऊ लागला तर सावध व्हावे.

४) अहवाल बहुधा इंग्रजीत आणि जाडजूड येतो आणि कपाटात जाऊन बसतो. पाहणी करणाऱ्याला सांगावे, "साहेब, फुकट काय करायचे, थोड्या खर्चात काय करायचे आणि मोठ्या खर्चाचे काय, एवढे एका पानावर मराठीत लिहून द्या." हक्काने मागावे. तो खर्च आपल्याच करातून होतो.

५) फुकटची कामे आधी, थोड्या खर्चाची नंतर, आणि कर्जाची सगळ्यात शेवटी करावी.

सौर पॅनेल वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण गळक्या घागरीसाठी मोठा रहाट घेण्याआधी घागर बुजवावी. अण्णांनी सौरचा विचार सोडलेला नाही. मात्र आता वर्षभर वही पाहून ठरवायचे, आणि दहा किलोवॅटच्या जागी किती पुरतील ते कळल्यावरच भाव विचारायचा, असे घरात ठरले आहे. दागिने पेटीतच आहेत.

परवा त्या वस्तीवरून जाताना थांबलो होतो. कुट्टीचे यंत्र पलीकडच्या टोकाला गेलेले दिसले. खिडकीला जाळी बसली होती. कूलरशेजारी भिंतीवर एक वही टांगली होती आणि तिच्यात दूध किती, तास किती, युनिटे किती, हे धाकट्या मुलीच्या अक्षरात लिहिलेले होते. मी वही चाळत होतो तेव्हा अण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, पूर्वी बिल आलं की राग यायचा. आता बिल यायच्या आधीच आकडा ठाऊक असतो."

तिथून येताना वाटेत माझा तो १९९८ सालचा शेतकरी भेटला. नेहमीसारखा रामराम झाला. त्याच्या मुलाने आता नवा बोअर घेतला आहे. "किती अश्वशक्तीची मोटार टाकू?" असे त्याने मला विचारले. मी म्हटले, "आज सांगत नाही. उद्या सकाळी पिंप आणि घड्याळ घेऊन येतो." म्हातारा हसला. म्हणाला, "या साहेब. चहा ठेवतो."

आपल्या घरची मोजणी करून पाहिलीत तर आकडे मला अवश्य कळवा. कुणाचे पिंप किती सेकंदांत भरले हे वाचायला मला आवडेल.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी